सिस्टर, एक विचारू का? वॉर्डातले अवघड प्रश्न

मागच्या महिन्यात आम्ही वाचकांना आवाहन केलं होतं की नर्सिंगच्या कामात बरोबर काय चूक काय हे ठरवताना जिथे अडायला होतं ते प्रश्न पाठवा. नर्सेसचे आले, स्टुडंट्सचे आले, घरी पेशंट असलेल्यांचेही आले. नावं आणि गावं कुठेच छापलेली नाहीत, काही तपशील मुद्दाम बदललेत.

उत्तरांआधी थोडंसं. फर्स्ट इयरला चार तत्त्वं पाठ करून घेतात, पेशंटचा स्वतःचा निर्णय, त्याचं भलं, त्याला इजा न करणं आणि सगळ्यांना न्याय. 1979 साली बोशाँ आणि चिल्ड्रेस या दोन अमेरिकन अभ्यासकांनी ती अशी मांडली आणि परीक्षेत सगळ्या जणी बरोबर लिहितात. पण वॉर्डात ही चारही तत्त्वं एकाच बेडभोवती एकमेकांशी भांडत असतात, तेव्हा काय करायचं ते पुस्तक सांगत नाही. मी इतकी वर्षं स्टुडंट्सना एकच सांगत आलेय, आधी बेडवरच्या माणसाला विचारा, मग जे काही ठरेल ते एकटीने ठरवू नका आणि लिहून ठेवा. खालची सगळी उत्तरं त्यातूनच आलीयेत.

ताई, मी कॅन्सर वॉर्डला स्टाफ नर्स आहे. एक काका आहेत, शेतकरी, साठीच्या आतबाहेर. मुलांनी अॅडमिट करतानाच आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं की आबांना काही बोलू नका, साधी गाठ आहे आणि औषधाने विरघळेल एवढंच सांगितलंय. किमोची दुसरी सायकल चालू आहे. परवा नाईटला सलाईन बदलताना त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, पोरी खरं सांग, मला कॅन्सर झालाय ना? मी "डॉक्टर सकाळी सांगतील" म्हणून तिथून निघाले. पोरांनी तर शपथ घातलीय. खोटं बोलायचं की नातेवाईकांचं मोडायचं?

पहिलं हे लक्षात घे की काकांना माहितीये. केस गेलेत, शेजारच्या बेडवरच्यांशी रोज गप्पा होतात, हॉस्पिटलच्या गेटवरचा बोर्ड त्यांनी वाचलाय. रात्री अडीच वाजता हात धरून विचारणारा माणूस बहुतेक वेळा बातमी मागत नसतो, त्याला बघायचं असतं की या जागी माझ्याशी खरं बोलणारं कुणी आहे का. दिवसभर मुलं हसऱ्या चेहऱ्याने "आबा, पुढच्या महिन्यात घरी" म्हणतात आणि तेही हसतात आणि रात्री एकटे जागे असतात.

डायग्नोसिस सांगणं डॉक्टरांचं काम आहे, तुझं नाही, आणि ते तू घाईने अंगावर घ्यायचंही नाही, कारण लगेच पुढचे प्रश्न येतात, कुठवर पसरलाय, किती दिवस, बरा होईल का, आणि त्याची पूर्ण माहिती तुझ्याकडे नसते. पण खोटं न बोलणं हे तुझं काम आहे. या दोन गोष्टी एकत्र पाळता येतात. पुन्हा विचारलं तर स्टूल ओढून खाली बस, उभ्या उभ्या बोलू नको. म्हण, "काका, तुम्हाला असं का वाटतंय?" मग गप्प रहा, ते बोलतील. नंतर विचार, "तुम्हाला आजाराबद्दल सगळं जाणून घ्यायचंय, का ते मुलांवर सोडायचंय?" हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे कारण काही माणसांना खरोखर नको असतं, "बघतील पोरं, मला सांगू नका" म्हणतात, आणि तोही त्यांचाच निर्णय, त्याचाही मान ठेवायचा. पण त्यांनी "मला कळायला पाहिजे" म्हटलं तर सांग, "ठीक आहे, सकाळच्या राउंडला मी डॉक्टरांना सांगते की तुम्हाला नीट बसून बोलायचंय." आणि ते खरंच कर. इन्चार्ज सिस्टरला हॅन्डओव्हरमध्ये सांग, नर्सेस नोट्समध्ये त्यांच्याच शब्दात लिही की पेशंटने अमुक वाजता आजाराबद्दल विचारलं, माहिती हवी असं म्हणाले. एकदा कागदावर आलं की तो प्रश्न नाईटच्या एका सिस्टरचा राहत नाही, सगळ्या टीमचा होतो.

आता मुलांचं. त्यांना खलनायक ठरवू नकोस. आबा हाय खातील, जेवण सोडतील, याच भीतीने ती पोरं आतून पिळवटलेली असतात. त्यांना बाजूला घेऊन विचार, "तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटतेय?" आणि मग गप्प राहण्याची किंमत काय असते तेही सांग. न सांगितलं तर काका दुखणं लपवतात कारण त्यांना वाटतं आपण कुरकुरलो तर पोरं घाबरतील, सातबाऱ्याचं काम राहून जातं, भावाशी अबोला आहे तो मिटवायचा राहतो, मुलीकडे चार दिवस जायचं राहतं. आबांना वेळ मिळाला तर ते यातलं बरंच स्वतः उरकतील. आणि दुसरी बाजूही स्पष्ट सांग की सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या माणसाच्या आजाराची माहिती आधी त्याची असते. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने 2018 मध्ये रुग्णहक्कांची सनद काढली त्यात हे आहेच. तरी मुलं ऐकत नसतील तर डॉक्टर, सोशल वर्कर आणि घरचे यांची एक बैठक लाव.

एक मात्र कधीच करू नको. "नाही हो काका, तुम्हाला काही झालेलं नाही" असं म्हणू नको. हे एकदा उघडं पडलं की उद्या तू "हे इंजेक्शन दुखणार नाही" म्हणशील तेव्हाही ते विश्वास ठेवणार नाहीत, आणि शेवटच्या दिवसांत त्यांना त्याच विश्वासाची गरज असते. "आपल्याकडे असंच चालतं" असं म्हणणाऱ्या सिनियर भेटतील. मला ते पटत नाही. आपल्याकडेच म्हातारी माणसं मरणाबद्दल सगळ्यात मोकळं बोलतात, ऐकणारे घाबरतात.

मॅडम, माझ्या बॅचच्या मुलींनी लेबर रूममध्ये युनिफॉर्मवर रील बनवलं, त्यात बाळाचा चेहरा दिसतो. बाळाच्या आईला विचारलं होतं, ती "चालेल" म्हणाली. मग यात चूक काय?

डिलीट करायला सांग, आजच. नुकतीच डिलिव्हरी झालेली बाई, टाके घालायचे बाकी, तुमच्या हातात तिचं सगळं, ती त्या क्षणी "नको" कशी म्हणणार? असं "चालेल" हे परवानगी म्हणून धरायचंच नाही. चेहरा नसला तरी मागे केसपेपर, बेड नंबर, हातावर गोंदलेलं नाव दिसतं आणि गावात ओळखायला तेवढं पुरतं. व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलेल्या जखमेच्या फोटोंनाही हेच लागू. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या आचारसंहितेत पेशंटची खासगी बाब गुप्त ठेवणं हे साफ लिहिलेलं आहे, आणि कॅपिंगच्या, म्हणजे नर्सची टोपी मिळते त्या दिवशी मेणबत्ती हातात धरून जी शपथ तुम्ही घेतलीत तिच्यातही ते आहे.

मी मराठवाड्यात एका तालुक्याच्या गावी खासगी दवाखान्यात जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा केलेली नर्स) आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या बायका सीझनच्या आधी पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढायला येतात, तिशीतल्या, कधी त्याहून लहान. सर दोन मिनिटं बोलतात, "पिशवी खराब आहे, पुढे कॅन्सर होईल," फॉर्म इंग्रजीत, बाईचा अंगठा, नवऱ्याची सही आणि साक्षीदार म्हणून माझी सही. मला फार अस्वस्थ वाटतं. पण नोकरी सोडू शकत नाही.

तुझ्या अस्वस्थपणाला कारण आहे. 2019 मध्ये बीडमधल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न इतका गाजला की सरकारने आमदार नीलम गोऱ्हेंच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली त्यात 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यानंतर बीडमध्ये खासगी दवाखान्याला अशा ऑपरेशनसाठी सिव्हिल सर्जनची परवानगी घ्यावी लागू लागली. या बायका पिशवी का काढतात हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहितीये, नवरा-बायको मिळून एक कोयता म्हणजे मजुरीला एक जोडी, मुकादमाची उचल (आगाऊ घेतलेले पैसे) डोक्यावर, एक खाडा झाला की पैसे कापणार, फडात ना बाथरूम ना पाणी, आणि पाळीत चार दिवस अंगावरून जात असताना मोळ्या उचलायच्या. त्या बाईला पिशवी काढणं ही सुटका वाटते. त्यामुळे "तिने स्वतःच मागितलं" हे वाक्य ऐकलं की थांबायचं, कुठल्या परिस्थितीत मागितलं ते बघायचं.

आता तुझी सही. साक्षीदाराची सही म्हणजे "हे माझ्यासमोर झालं" असं तू म्हणतेस. समजावून सांगणं तू पाहिलंच नसेल तर सही कशाची? सही करायच्या आधी बाईजवळ बस आणि तिलाच विचार, "ताई, तुम्हाला डॉक्टरांनी काय सांगितलं ते तुमच्या शब्दात सांगा बरं." ती जर म्हणाली "पिशवी काढली की त्रास जातो अन कामाला जाता येतं" आणि एवढंच म्हणाली, तर तिला समजलेलं नाही. बीजकोशही काढणार आहेत का, काढले तर इतक्या लवकर पाळी गेल्यावर हाडं आणि हृदयावर काय परिणाम होतो, पांढरं जाण्याला आधी औषधं असतात, रक्तस्रावाला दुसरे इलाज असतात, पिशवीच्या तोंडाची तपासणी करून कॅन्सरची भीती खरी की खोटी ते बघता येतं, यातलं काही तिला माहीत नसतं. मग सरांकडे जा आणि भांडणाच्या सुरात न बोलता सांग, "सर, पेशंटला नीट कळलेलं नाहीये, परत एकदा मराठीत समजावता का, मी थांबते तिथे." बरेच डॉक्टर समजावतात, हे मी सांगू शकते. नाही म्हणाले तर साक्षीदार म्हणून सही करू नको, आणि नोट्समध्ये एक ओळ लिही की पेशंटने विचारल्यावर तिला ऑपरेशनची माहिती सांगता आली नाही, डॉक्टरांना कळवलं. ती ओळ तिलाही वाचवेल आणि तुलाही.

नवऱ्याच्या सहीचं तर स्पष्टच आहे. 2008 मध्ये समीरा कोहली प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सज्ञान बाईच्या ऑपरेशनला तिची स्वतःची संमती लागते. तिथे बाई भूलीखाली होती, फक्त दुर्बिणीने तपासायचं ठरलं होतं, डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि बीजकोश दोन्ही काढले. जिवावरची तातडी नव्हती, म्हणून कोर्टाने आईची संमती धरली नाही. नवऱ्याची सही घरच्यांना माहिती असावी म्हणून घ्या हवं तर, पण ती बाईच्या होकाराच्या जागी बसत नाही.

आणि सगळं समजून, विचार करून एखादी बाई म्हणाली की मला काढायचीच आहे, तर तो तिचा निर्णय. तिला अडवणं हे पण आपलं काम नाही. नोकरीची भीती खरी आहे, म्हणून एकटीने आवाज चढवू नको, दवाखान्यातल्या दुसऱ्या सिस्टरला बरोबर घे आणि हे वारंवार होत असेल तर तालुका आरोग्य अधिकारी किंवा सिव्हिल सर्जनच्या कार्यालयात कळव.

आमच्या वॉर्डात ऑपरेशनसाठी आलेल्या मुलाचा एचआयव्ही रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय. तो आमच्या लांबच्या नात्यातला. त्याचं लग्न माझ्या मावसबहिणीशी ठरलंय, साखरपुडा झालाय. मी गप्प बसले तर बहिणीचा गळा कापल्यासारखं होईल. सांगू का?

नाही, तू सांगायचं नाही. हे लिहिताना मलाही जड जातंय पण उत्तर तेच आहे. एचआयव्ही आणि एड्स कायदा 2017 साली झाला आणि 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे, त्यात जोडीदाराला सांगायची मुभा फक्त डॉक्टर आणि समुपदेशकाला आहे, नर्सला नाही. डॉक्टरांनाही लगेच सांगता येत नाही, आधी त्या मुलाला समजावून तूच सांग म्हणायचं, तो सांगणार नाही अशी खात्री पटली आणि समोरच्या व्यक्तीला संसर्गाचा मोठा धोका आहे असं वाटलं तर त्याला आधी कळवून मग तिला समोर बसवून, समुपदेशन करून सांगायचं. लोकांना अजून 1998 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आठवतो, एका हॉस्पिटलने होणाऱ्या बायकोकडच्यांना कळू दिलं आणि कोर्टाने हॉस्पिटलला दोषी धरलं नाही तो, पण आता रस्ता या कायद्याने आखून दिलाय.

तुझ्याकडे ही माहिती बहीण म्हणून आलेली नाही, अंगावर युनिफॉर्म आहे म्हणून आली. ती बाहेर गेली की उद्या त्या वॉर्डात कुणीच टेस्टला हात पुढे करणार नाही, आणि मग न तपासलेल्या माणसांकडून कितीतरी बहिणींना धोका होईल.

पण गप्प बसणं आणि काहीच न करणं यात फरक आहे. आजच ट्रीटिंग डॉक्टरांना एकांतात भेट आणि सांग की या पेशंटचं लग्न ठरलंय आणि मुलगी माझ्या नात्यातली आहे. मुलगी कोण हे डॉक्टरांना कळणं गरजेचं आहे. त्याची केस दुसऱ्या सिस्टरकडे द्या अशी विनंती कर. आयसीटीसीच्या (एचआयव्ही तपासणी आणि समुपदेशन केंद्राच्या) समुपदेशकाकडे त्याला पाठवलं का ते विचार, आठवड्याने परत विचार. मुलगा स्वतःहून सांगायला तयार होतो असं बऱ्याच वेळा घडतं, विशेषतः त्याला कळलं की एआरटी (एचआयव्हीवरची औषधं) नियमित घेऊन व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूंचं प्रमाण, तपासणीत सापडेनासं झालं की शरीरसंबंधातून लागण होत नाही आणि लग्न करायला कायद्याने बंदी नाही. पुढे जे ठरेल ते त्या दोघांनी सगळं माहीत असताना ठरवायला हवं. आणि मावशीला फोन करून "हल्ली लग्नाआधी दोघांच्या टेस्ट करतात बरं का" असं आडून सुचवणं, हेही सांगणंच झालं. तेही नको.

माझी आई 80 च्या पुढे आहे, पक्षाघात होऊन काही महिने झाले, बोलत नाही, नाकातल्या नळीने जेवण. डॉक्टर म्हणतात आता फार सुधारणा नाही. भाऊ म्हणतो नळी काढू आणि शांतपणे जाऊ दे. घरी येणारी नर्स म्हणते हे पाप आहे, मुंबईच्या केईएम हॉस्पिटलच्या सिस्टर्सनी अरुणा शानबागला 42 वर्षं सांभाळलं आणि तुम्हाला आई जड झाली का. आम्ही भावंडं रडकुंडीला आलोय.

आधी त्या नर्सबाईंनी जे बोलून दाखवलं ते चुकीचं आहे. तिला स्वतःला नळी काढण्यात भाग घ्यायचा नसेल तर तसं सांगायचा तिला अधिकार आहे, पण दुसरी नर्स येईपर्यंत आईची काळजी तितक्याच मायेने घ्यायची आणि कुटुंबाला पापाची भीती घालायची नाही.

अरुणा शानबाग यांचं नाव निघालंच आहे तर नीट सांगते, कारण नर्सिंगमध्ये असलेल्या प्रत्येकीने ते माहीत करून घ्यायला हवं. 27 नोव्हेंबर 1973 ला केईएममध्ये ड्युटी संपवून कपडे बदलायला गेलेल्या या सिस्टरवर तिथल्याच सफाई कामगाराने हल्ला केला, कुत्र्याच्या साखळीने गळा आवळला, मेंदूला रक्त मिळालं नाही आणि ती कधीच पूर्ववत झाली नाही. तेव्हापासून 18 मे 2015 पर्यंत, न्यूमोनियाने जाईपर्यंत, केईएमच्या नर्सेसनी तिला चार नंबर वॉर्डाला लागून असलेल्या खोलीत सांभाळलं. तिला पाहिलेल्या पहिल्या नर्सेस रिटायर झाल्या, मग त्यांनी शिकवलेल्या आल्या, मग त्यांच्याही नंतरच्या, ज्यांचा हल्ल्याच्या वेळी जन्मही झालेला नव्हता. 1980 च्या दशकात महापालिकेने तिला हलवायचा प्रयत्न केला तेव्हा नर्सेसनी विरोध करून तो थांबवला. इतकी वर्षं अंथरुणाला खिळलेल्या माणसाला बेडसोअर नाही, हे काय असतं ते ज्याने एका महिन्याचा पेशंट वळवलाय त्याला विचारा. मलेरिया झाल्यावर 2010 मध्ये नळी लागली, त्याआधी तिला कुस्करून भरवायचे, आणि माशाचं किंवा चिकनचं सूप दिलं की चेहऱ्यावर हसू येतं हे नर्सेसनी टिपून ठेवलं होतं, तेच कोर्टापुढेही गेलं.

तिला जगवू नये अशी याचिका पत्रकार पिंकी विराणींनी केली होती, त्याही कळवळ्यानेच आल्या होत्या. 7 मार्च 2011 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की तिच्या वतीने बोलायचा हक्क केईएमच्या स्टाफचा आहे आणि त्यांना ती जगावी असं वाटतंय, म्हणून याचिका फेटाळली, पण त्याच निकालात उपचार थांबवायचा रस्ता हायकोर्टाच्या देखरेखीखाली पहिल्यांदा उघडला. म्हणजे अरुणाच्या गोष्टीतून दोन्ही गोष्टी आल्या, सेवा करत राहणंही आणि थांबू देणंही. ती कुणाच्या डोक्यात मारायला वापरू नये.

आता तुमची आई. सगळ्यात आधी हे बघा की त्यांना कळतंय का. पक्षाघातानंतर बोलता येत नाही याचा अर्थ समजत नाही असा होत नाही. न्यूरोलॉजिस्ट किंवा स्पीच थेरपिस्टकडून तपासून घ्या, "हो असेल तर डोळे मिटा" असं करून उत्तर येतं का बघा. येत असेल तर हा निर्णय तुम्हा भावंडांचा नाहीच, आईचा आहे, त्यांना विचारा. नसेल येत तर आठवा, त्या आधी काय म्हणायच्या? शेजारच्या कुणाला व्हेंटिलेटरवर बघून "मला असं लटकवून ठेवू नका रे" म्हणाल्या होत्या का? त्यांच्या तोंडून तेव्हा काय आलं होतं ते शोधा. तुम्हाला काय सहन होतंय हा प्रश्न नंतरचा.

कायद्याचं थोडक्यात. 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क जगण्याच्या हक्कातच धरला आणि लिव्हिंग विल मान्य केलं, जानेवारी 2023 मध्ये ती प्रक्रिया सोपी केली. आता हे लिव्हिंग विल, म्हणजे मृत्यूपूर्व इच्छापत्र, दोन साक्षीदारांसमोर करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे करता येतं. इच्छापत्र नसलं तरी, जगण्याची आशा संपलेल्या आजारात हॉस्पिटलचं एक मेडिकल बोर्ड आणि त्यावर दुसरं बोर्ड बघतं, घरच्यांची संमती घेतं आणि मग उपचार थांबवता येतात. म्हणून घरी कुणीतरी एके दिवशी नळी ओढून काढली असं करू नका. आईला पॅलिएटिव्ह केअर (बरा न होणाऱ्या आजारात त्रास कमी करणारी काळजी) असलेल्या हॉस्पिटलमध्ये दाखवा, तिथली टीम तुमच्याबरोबर बसून बोलेल.

आणि पुढे नळी काढायचं ठरलंच तर काळजी थांबत नाही, उलट वाढते. दर दोन तासांनी कूस बदलणं, तोंड पुसून ओलं ठेवणं, ओठांना थोडं तूप, दुखत असेल तर मॉर्फिन, दम लागला तर त्यावर औषध, जवळ कुणीतरी बसलेलं. नळी ठेवायचं ठरलं तरीही हे सगळं असंच. भावाला वाईट ठरवू नका आणि नळी ठेवू म्हणणाऱ्यालाही नाही, दोघंही आईचीच मुलं आहेत.

मॅडम, सरकारी रुग्णालयातला मेडिसिन वॉर्ड, नाईटला मी आणि एक स्टुडंट, पेशंट 40 च्या वर, जमिनीवर गाद्या टाकून पण. एकीकडे दम लागलेला पेशंट, दुसरीकडे पुढाऱ्याच्या ओळखीचा पेशंट आणि त्याचे दहा नातेवाईक. रात्रीचं बीपी सगळ्यांचं घेणं अशक्य. पहाटे सगळ्या जणी चार्टवर अंदाजे आकडे भरतात. मी भरत नाही म्हणून "फार शहाणी" म्हणतात. मेमोची भीती वाटते.

भरू नकोस. कुणी काही म्हणो.

120/80 हा आकडा दिसायला निरुपद्रवी आहे पण सकाळी रेसिडेंट डॉक्टर तोच बघून बीपीची गोळी चालू ठेवतो किंवा वाढवतो, आणि त्या माणसाचं रात्री प्रत्यक्षात 90 असेल तर तो बाथरूममध्ये पडतो. रिकामी जागा दिसली तर डॉक्टर निदान स्वतः घेऊन बघतात. त्यामुळे जमलं नाही तिथे "घेता आलं नाही" लिही आणि पुढे कारण, "बेड 12 चा पेशंट अत्यवस्थ" असं. कमी पडलो याची लाज वाटून घेऊ नको, इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषाप्रमाणे शिकवणाऱ्या हॉस्पिटलच्या साध्या वॉर्डात तीन पेशंटमागे एक नर्स हवी, इतर ठिकाणी पाचामागे एक. तू 40 ला आहेस. ही तुझी चूक नाही.

आधी कोण हे ठरवताना फक्त गरज बघायची. श्वास, रक्तस्राव, शुद्ध, हे तिन्ही आधी. मग ज्या औषधांना वेळेचं बंधन आहे ती, इन्सुलिन, अँटिबायोटिक, फिटची औषधं. मग बाकीचं. पुढाऱ्याचा पेशंट त्याच रांगेत. त्या नातेवाईकांना शांतपणे एकच वाक्य सांग, "तुमचा पेशंट आत्ता स्थिर आहे, मी त्यांच्याकडे येणारच आहे, तिकडे एकाचा श्वास अडकलाय." अंगावर यायला लागले तर सिक्युरिटीला बोलाव आणि नाईट सुपरवायझरला फोन कर, वाट बघू नको. जमिनीवरच्या गादीवरचा म्हातारा कधी ओरडत नाही, म्हणून दर फेरीला एकदा मुद्दाम वाकून त्याच्याकडे बघ.

कितीही घाई असली तरी पोटॅशियम क्लोराईड, हेपॅरिन, इन्सुलिन हे एकटीने भरून द्यायचं नाही. दुसरी नर्स नसेल तर ड्युटी डॉक्टरला उभं करून अँप्यूल आणि डोस वाचून दाखव. फोनवरची ऑर्डर घेतली तर परत वाचून दाखव आणि सकाळच्या आत सही घे.

मेमोची भीती खोटी नाहीये, म्हणूनच कागद आधी तुझा गेला पाहिजे. ज्या रात्री असं होईल त्याच रात्री सुपरवायझरला फोन कर आणि फोनची वेळ रिपोर्ट बुकात लिही. आणि सकाळी वॉर्डातल्या सगळ्या सिस्टर्सनी मिळून मेट्रनला पत्र द्या, एकटीने नको, संघटना असेल तर तिच्यामार्फत. पत्रात रडगाणं नको, विशेषणं नकोत. तारीख, शिफ्ट, पेशंट किती, स्टाफ किती, त्यातले ऑक्सिजनवर किती, कुठली कामं राहिली आणि त्याचा कुणाला काय त्रास झाला एवढंच. दर महिन्याला द्या. दोन प्रती काढा आणि तुमच्या प्रतीवर पोचल्याची सही, शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय ऑफिसमधून निघू नका.